डॉ. दत्ता सामंत: बदली कार्ड, बीआयआर आणि कधीच मागे न घेतलेला संप

भोंगा (धागाकर्ता)

'दत्ता सामंतांनी गिरण्या बुडवल्या' (सामंत म्हणजे १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपाचे पुढारी) हे वाक्य आजवर इतक्या जणांकडून ऐकलंय की आता शाळेच्या वाक्प्रचारांत घालायला हरकत नाही. परवा लोअर परळच्या एका मॉलमध्ये गाडी लावताना सोबतच्या मित्राने पुन्हा तेच ऐकवलं. समोर गिरणीची चिमणी, शोभेला ठेवलेली. तिथे काही बोललो नाही, इथे लिहितोय.

आधीच सांगतो, वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. त्यातली पहिली आठ वर्षं बदली (म्हणजे काय ते खाली सांगतो). त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाही.

डॉक्टर मूळचे मालवणजवळच्या देवबागचे, जन्म १९३२ चा. एमबीबीएस होऊन घाटकोपरच्या पंतनगरला दवाखाना टाकला. पेशंट कोण? त्या पट्ट्यातल्या दगडखाणींवर खडी फोडणारे. धुळीने छाती भरलेला माणूस बाटलीभर औषध घेऊन जाणार आणि सकाळी परत त्याच खाणीत उतरणार. अशा धंद्यात डॉक्टरने दोनच गोष्टी कराव्यात, एकतर बाटल्या विकत राहाव्या किंवा खाणमालकाकडे जावं. हे मालकाकडे गेले. युनियन तिथून सुरू झाली. पुढे इंजिनिअरिंगचे कारखाने, केमिकलवाले असं करत मुंबई-ठाण्यात लाल बावट्यालाही जमली नव्हती अशी गर्दी त्यांच्यामागे उभी राहिली.

१९७२ मध्ये ते मुलुंडमधून विधानसभेवर गेले, काँग्रेसच्या तिकिटावर. हे आज सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. त्याच वर्षी विक्रोळीला गोदरेजच्या कामगारांच्या आंदोलनात हिंसाचार झाला, माणसं मेली आणि डॉक्टरांचं नाव 'दांडगट युनियनवाला' म्हणून घरोघरी पोचलं. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि सत्ताधारी पक्षाच्या या आमदाराला सत्ताधारी पक्षाच्याच सरकारने आत टाकलं. सुटले १९७७ मध्ये. तुरुंगाने त्यांचं नुकसान काहीच केलं नाही, उलट भाव वाढला.

त्यांची पद्धत साधी आणि मॅनेजमेंटला घाम फोडणारी होती. बाकीचे पुढारी कंपनीचा ताळेबंद मागवणार, महागाई निर्देशांक काढणार, टक्केवारी मांडणार. डॉक्टर ताळेबंद बाजूला सारायचे. तो मालकाने लिहवून घेतलेला कागद, त्यावर कामगाराने का विश्वास ठेवायचा? थेट रोख आकडा मागायचे. तो मिळेपर्यंत गेटबाहेर बसायची तयारी हेच भांडवल. यात धोका काय होता तेही उघड आहे, त्यावर खाली कुणीतरी लिहीलच.

आता गिरण्या. इथे बदली म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण नव्या मंडळींना तो शब्द ट्रान्सफर वाटतो. बदली कामगार म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तरच ज्याला काम, तो. पाळी सुरू व्हायच्या आधी खात्याच्या दाराशी कार्ड घेऊन उभं राहायचं. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येऊन किती साचे रिकामे आहेत ते बघणार आणि बोट दाखवणार. बोट आपल्याकडे वळलं तर पगार, नाही तर घरी. वडील डबा रोज न्यायचे, कारण काम लागलं तर दुपारी जेवायला हवं. काम नाही लागलं की तो डबा तसाच परत यायचा आणि सकाळी नऊला आम्ही पोरं तो खायचो. डबा आम्हाला मिळाला म्हणजे बाबांना काम नाही, हे गणित मला पाचव्या वर्षी येत होतं. डब्यात सुकट असली की मी काम न लागण्याची वाट बघायचो, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

या बदलीवाल्याने तक्रार करायची कुठे? युनियनकडे. युनियन कुठली? १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, सगळे 'बीआयआर' म्हणायचे, तो सांगतो की 'प्रातिनिधिक' संघटना एकच, आणि बोलणी तिनेच करायची. गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, तीही काँग्रेसच्याच घरची. १९८१ च्या दिवाळीला बोनसवरून ठिणगी पडली आणि स्टँडर्ड मिलचे कामगार डॉक्टरांच्या दारात जाऊन बसले. डॉक्टरांना कापडधंद्याची माहिती नव्हती. कामगारांनी त्यांना अक्षरशः ओढून आणलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठेक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. मागण्यांत पगारवाढ होती, बदलीवाल्यांना कायम करा हे होतं, आणि बीआयआर रद्द करा हेही होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही शेवटची मागणी सगळ्यांत मोठी होती आणि तीच लोक विसरले. पगाराच्या आकड्यावर तडजोड निघाली असती. पण सरकारने डॉक्टरांशी बोलणी केली असती तर कायद्याने ज्याला तोंड नाही त्याला तोंड आहे असं मान्य केल्यासारखं झालं असतं. मग उद्या गोदीवाले, परवा रेल्वेवाले. म्हणून बोललेच नाहीत. गंमत बघा, संप सुरू झाला तेव्हा महाराष्ट्राला मुख्यमंत्रीही धड नव्हता. अंतुले पायउतार होत होते, बाबासाहेब भोसल्यांचा शपथविधी २१ जानेवारीला, म्हणजे संपाच्या चौथ्या दिवशी. पुढच्या फेब्रुवारीत वसंतदादा आले. मुख्यमंत्री बदलले, कायद्याला हात लागला नाही.

आणि संप मागे घेतल्याची घोषणा शेवटपर्यंत झालीच नाही. तो विरघळला. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने १३ गिरण्यांचा ताबा घेतला, उरलेल्यांत लोक एकेक करून खाली मान घालून आत गेले, हजारो गेलेच नाहीत.

बोला आता.

खडीसाखर

डब्याचं वाचून थांबले जरा. छान लिहिलंय.

शॉप_फ्लोअर

मी दुसऱ्या बाजूचा. १९७९ ते ८८ ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत पर्सोनेलला होतो (नाव देत नाही, आता तिथे टॉवर आहे). धागाकर्त्याने ताळेबंदाचा उल्लेख ओझरता केला, म्हणून लिहितो.

आमच्याकडे एका शुक्रवारी जुनी युनियन होती आणि सोमवारी सगळ्यांच्या खिशाला डॉक्टरांचा बिल्ला. मागणीपत्र आलं, त्यात एक आकडा, सरसकट, झाडूवाल्यापासून टूलरूमपर्यंत. मी स्वतः तीन वर्षांचे हिशेब घेऊन बोलायला गेलो होतो, आणि ते हिशेब खरे होते. फाईल उघडलीसुद्धा गेली नाही. सात महिने गेट बंद. शेवटी आकड्याच्या पाऊणपट मिळाले, पोरांनी गुलाल उधळला. दोन वर्षांनी मालकाने नवी लाईन गुजरातेत टाकली आणि पाच वर्षांनी ठाणं बंद. गुलाल उधळणाऱ्यांतले दोघे नंतर आमच्याच सोसायटीत वॉचमन होते. समोरासमोर आलो की दोघंही खाली बघायचो, मीपण.

डॉक्टर प्रामाणिक होते, पैसे खाणारे नव्हते, हे आमच्या बाजूचे लोकही मानायचे. पण प्रामाणिक माणसाचा अंदाज चुकला तरी किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते. गिरण्यांतही तेच. तुमचा संप चालू असताना मालक भिवंडीच्या मागांवर कापड विणून घेत होते आणि आपलाच शिक्का मारत होते. आपण गेटबाहेर बसलोय आणि मालकाचं अडलेलं नाही, हे सहाव्या महिन्यात दिसायला हवं होतं.

भोंगा

@शॉप_फ्लोअर, भिवंडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. वडीलही म्हणायचे, 'आम्ही बसलो होतो कुलपावर आणि मागचं दार उघडं.' पण मग मागचं दार उघडं असलेला मालक संपाने बुडाला कसा? जुनी यंत्रं न बदलता नफा दुसरीकडे वळवणं संपाच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली होती. संप नसता तर कदाचित पाच-दहा वर्षं उशिरा बंद पडल्या असत्या. पाच-दहा वर्षं थोडी नव्हेत, हेही कबूल.

गुजरातचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

तळटीप

कायद्याच्या अंगाने थोडी भर.

बीआयआरमध्ये प्रातिनिधिक ठरायला त्या भागातल्या *संपूर्ण उद्योगात* २५ टक्के सभासद लागायचे. एका गिरणीत तुमच्याकडे शंभर टक्के कामगार असले तरी उपयोग शून्य, अख्ख्या मुंबईत पाव हिस्सा दाखवावा लागणार. आणि तोही गुप्त मतदानाने नाही, सभासदत्वाच्या पावत्यांवर. उलट इंजिनिअरिंग वगैरे कारखान्यांना लागू असलेला १९७१ चा महाराष्ट्राचा कायदा एकेका कारखान्यापुरतं बघायचा, तिथे ३० टक्के. शुक्रवार-सोमवारची जी गोष्ट वर सांगितली आहे ती तिथे घडू शकत होती, गिरणीत नाही. डॉक्टरांची आधीची घोडदौड आणि गिरण्यांतली कोंडी यातला फरक बराचसा या दोन कायद्यांतला आहे. मला तर वाटतं खुद्द डॉक्टरांनीही हा फरक कमी लेखला.

धाग्यात एक माणूस राहून गेला: डॉ. आंबेडकर. बीआयआरचा थोरला भाऊ म्हणजे १९३८ चं औद्योगिक कलह विधेयक. तेव्हा बाबासाहेब मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचंच दुसरं नाव, अशी मांडणी त्यांनी सभागृहात केली. मतदानात हरल्यावर रस्त्यावर आले आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप घडवला. सकाळी आमदार, संध्याकाळी कामगार मैदानात. ज्या कलमांविरुद्ध ते भांडले त्यांचीच वंशावळ १९८२ मध्ये आडवी आली.

सामंतांना हे सभागृहातून बदलायची संधी होती का? १९७२ मध्ये ते सत्ताधारी बाकांवर होते, पण तेव्हा गिरण्या त्यांच्या नव्हत्या. १९८४ मध्ये राजीव गांधींच्या लाटेतही दक्षिण मध्य मुंबईतून काँग्रेसविरुद्ध निवडून आले, पण लोकसभेत. बीआयआर राज्याचा कायदा! योग्य माणूस, पण एकदा चुकीच्या वेळी आणि एकदा चुकीच्या सभागृहात.

(२०२० च्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत आता वाटाघाटीचा एकाधिकार हवा तर ५१ टक्के लागतात, आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.)

करलीकाठ

देवबागच्या पलीकडच्या तीरावरचा मी. डॉक्टरांबद्दल आमच्याकडे अभिमान आहेच, पण संपाची गोष्ट गावातून वेगळी दिसते. संप लांबला तशी मुंबईतली माणसं बोचकी घेऊन गावी आली. एसटीच्या टपावर ट्रंका. तोवर गाव म्हणजे म्हाताऱ्या, बायका आणि मनिऑर्डर. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "संप झालो म्हणान झील दोन वर्सां भात कापूक गावलो." (झील म्हणजे मुलगा.) तिला संप फसला हे कधी पटलंच नाही. बाबांना मात्र आयुष्यभर पटलेलं होतं. शेतात कुणी गिरणीचा विषय काढला की विळा ठेवून बांधावर जाऊन बसायचे.

टिपरी

बायकांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी आजी करी रोडला खाणावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत, चौदा गडी, दोन पाळ्यांत जेवायचे. सडेफटिंग, म्हणजे बायको गावी असलेले. महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी. संपात पगारच नाही तर हिशेब कसला? तिने वहीत लिहायचं चालू ठेवलं. डाळीत पाणी वाढत गेलं, भाकरी तीनाच्या दोन झाल्या, पण 'उद्यापासून येऊ नका' असं कुणाला म्हणाली नाही. वाण्याची उधारी तिच्या नावावर, मंगळसूत्र सावकाराकडे.

१९७४ च्या संपातही, जो ४२ दिवस चालला, खाणावळवाल्यांनी असंच पोसलं होतं. त्यातूनच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. ४२ दिवस उधारीवर निघाले. दीड वर्ष कसं निघणार?

डॉक्टर चाळीत आले की आजी गॅलरीत उभी राहून ऐकायची. तिचं मत एका वाक्याचं होतं: माणूस चांगला, पण परत कधी जायचं ते सांगत नाही.

शॉप_फ्लोअर

@टिपरी, आजींनी दहा वर्षांच्या माझ्या नोकरीचा सारांश सांगितला. नमस्कार त्यांना.

सोलापुरी_चादर

आमदार आणि युनियनवाला म्हटलं की आमच्याकडे एकच नाव, नरसय्या आडम. आडम मास्तर. माकप, १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार. विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागवाले, बहुतेक तेलुगू पद्मशाली, त्यांच्यात सगळं काम.

मुद्दाम तुलना करतो. मास्तरांनीही मोर्चे, जेल सगळं केलं, पण सरकारकडून काहीतरी पदरात पाडूनच उठायचं हे धोरण. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरं उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या दिल्या. नंतर रे नगरची ३० हजारांची योजना, तिचे पहिले १५ हजार ताबे जानेवारी २०२४ मध्ये मोदींच्या हस्ते. २०१९ मध्ये मोदींचं कौतुक केलं म्हणून पक्षाने मास्तरांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं होतं. घर हवं तर ज्याच्या हातात किल्ली त्याच्याकडे जाणार, असा साधा हिशेब.

मजा म्हणजे घरं मिळाली, तरी २००९ पासून मास्तर विधानसभा जिंकलेले नाहीत.

वाकडी_वाट

म्हणजे एकाने काहीच न मिळवता खासदारकी मिळवली आणि दुसऱ्याने घरं देऊन आमदारकी घालवली. मतदार राजा!

भोंगा

'काहीच न मिळवता' नाही हो. इंजिनिअरिंगमध्ये शेकडो कारखान्यांत पगार वाढले ते कोणामुळे? पण चादररावांचा मुद्दा बोचतो. डॉक्टरांना हरल्यावर टेबलाशी बसता येत नव्हतं. ज्या कामगाराने घरची भांडी विकली त्याला 'अर्ध्यावर घ्या' कसं सांगायचं, हे त्यांना जमलं नाही. त्यांच्यावरच्या प्रेमानेच त्यांना बांधून टाकलं होतं असं मला वाटतं.

लालबाग_मार्केट

गिरणगावचं राजकारण विसरू नका. ५ जून १९७० ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा लालबागमध्ये खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या होत्या, त्यांना हरवून शिवसेनेचे पहिले आमदार झाले वामनराव महाडिक. आणि १९८९ मध्ये डॉक्टरांच्या दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले ते हेच महाडिक. एकोणीस वर्षांत तोच माणूस दोनदा, दोन्ही वेळा लाल किंवा कामगार नावाच्या जागेवर. संपात उपाशी राहिलेल्यांची पोरं तोवर शाखेत जात होती. माझा मोठा भाऊ त्यातलाच, वडिलांच्या संघटनेचा बिल्ला आणि त्याचा भगवा रुमाल एकाच खुंटीला.

खडीसाखर

आणि शेवट? आम्ही तेव्हा पवईला राहायचो. १६ जानेवारी १९९७, संपाला पंधरा वर्षं व्हायला दोन दिवस कमी. डॉक्टर सकाळी घरून पंतनगरच्या ऑफिसला निघाले होते, टाटा सुमोत. घरापासून थोड्याच अंतरावर गाडी अडवून गोळ्या घातल्या. आईने मला त्या दिवशी शाळेत पाठवलं नाही. दुपारपासून रस्त्याने नुसती माणसं, बहुतेक पन्नाशी ओलांडलेली, चालत. घोषणा फार नव्हत्या. चपलांचा आवाज आठवतो.

तळटीप

सुपारी देणारा कोण हे न्यायालयात कधी उभं राहिलंच नाही. छोटा राजनही २०२३ मध्ये पुराव्याअभावी या खटल्यातून सुटला.

टिपरी

अवांतर, पण विचारायचं होतंच. आजीच्या खाणावळीतले एक मामा अजून आहेत, कुडाळकडे, ऐंशीच्या पुढे. संपानंतर परत कामावर घेतलं नाही. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराला ते पात्र आहेत का? तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगार नंबर, आठवत नाही म्हणतात.

भोंगा

१ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेला कामगार पात्र, अशी अट आहे. म्हणजे संपाच्या आधीचे सतरा दिवस मामा पटावर होते एवढं दाखवता आलं तरी जमेल. तिकीट नंबर नसला तरी पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, फंडाचा एखादा कागद, रजेचं कार्ड, काहीही चालतं का बघा. बदलीवाले असतील तर बदली कार्ड. हे लोक कागद टाकत नाहीत, देवघराच्या फळीवर किंवा ट्रंकेच्या तळाच्या वर्तमानपत्राखाली असतो.

टिपरी

ते बदलीच होते. फोन लावला आत्ता. मामी म्हणाल्या ट्रंक माळ्यावर आहे, नातू संध्याकाळी शिडी लावेल.

भोंगा

फोटो काढून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नंबर पुसट असेल तर मागच्या बाजूचाही काढा, आमच्या वडिलांचा तिथे पेन्सिलीने लिहिलेला सापडला होता.